मॉन्स्टेरा १४ महिने, कोकोपोल साडेसहा

एप्रिलमधल्या एका रात्री पावणेतीनला हॉलमध्ये धप्पकन आवाज झाला. मला वाटलं मांजर. नवऱ्याला वाटलं चोर, म्हणून तो उठला नाही, मीच उठले. दिवा लावून बघते तर मॉन्स्टेरा चपलांच्या रॅकवर आडवा, फरशीभर कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), आणि वेलाला टेकू म्हणून लावलेली ४२५ रुपयांची काठी, म्हणजे कोकोपोल, कुंडीतून उपटून बाहेर आलेली. सगळ्यात मोठं पान देठापासून मोडलं होतं. त्याच एका पानाला तोवर भोकं पडली होती, हे सांगून ठेवते.

मॉन्स्टेरा म्हणजे काय, हे इथे वाचणाऱ्यांना सांगायला नको. कॅफेत, दंतवैद्याच्या वेटिंग रूममध्ये, उशांच्या अभ्र्यांवर, सगळीकडे तोच कातरलेल्या, भोकांच्या पानांचा वेल असतो. तेव्हा झाडाबद्दल थोडं आणि काठीबद्दल जास्त लिहिणार आहे. माझे पैसे काठीत गेलेत.

झाड गेल्या वर्षी जूनमध्ये ऑनलाइन मागवलं, ३४९ रुपये. फोटोत होतं ते माणसाच्या उंचीचं, कातरलेल्या पानांचं. हातात आलं ते ४ इंची कुंडीतलं तीन पानांचं पोर, पानं बदामी आकाराची आणि पूर्ण सपाट. मी लगेच तक्रार ठोकली की हे मॉन्स्टेरा नाही, मनीप्लँट पाठवलाय. ही तक्रार मी मागे घेते. लहानपणी याची पानं अशीच अखंड असतात, वय आणि उजेड मिळाला की मग कडा चिरतात, नंतर मधल्या शिरेजवळ भोकं येतात. विकणाऱ्याने तेवढं एक वाक्य लिहिलं असतं तर माझा अर्धा दिवस वाचला असता, पण चूक माझी होती.

पहिले तीन महिने ते टीव्हीशेजारी होतं. इनडोअर प्लँट म्हणतात ना, मग घरात कुठेही चालेल, अशी माझी समजूत. दोन पानं आली, दोन्ही लहान, देठ मात्र वीतभर लांब. सप्टेंबरात उचलून पूर्वेच्या खिडकीपासून तीन फुटांवर ठेवलं. तिथे सकाळचं दीड-दोन तास कोवळं ऊन येतं, नंतर नुसता उजेड. पुढचं पान आधीच्याच्या दीडपट झालं. एवढ्यावर मी माणसांना सल्ले द्यायला लागले होते.

आता काठी. हे झाड मूळचं दक्षिण मेक्सिकोपासून पनामापर्यंतच्या जंगलांतलं, दुसऱ्या झाडाच्या अंगावर चढणारं. चढायला काही मिळालं तर पानं मोठी होतात, नाहीतर वेल जमिनीवर लोळतो, हे सगळीकडे लिहिलेलं असतं आणि ते खरंही आहे. म्हणून ऑक्टोबरात कोकोपोल मागवला, ३ फुटी, ४२५ अधिक ६० डिलिव्हरी. आता कोकोपोल म्हणजे काय? आत पीव्हीसीचा पातळ पाइप, वर सुंभ गुंडाळलेला. सुंभ! आमच्या आजोळी विहिरीच्या रहाटाला, गुरांच्या दाव्याला, माडाच्या झावळ्या बांधायला जो असायचा तोच. त्याला कोको म्हटलं की ४२५ होतात.

पडझडीच्या दुसऱ्या दिवशी मी शिवणाची टेप काढली. तीन फूट म्हणजे ३६ इंच. काठी भरली ३४. त्यातलं खालचं, मातीत खुपसायचं उघडं टोक ४ इंच. म्हणजे सुंभ ३० इंच, अडीच फूट. दोन इंच खाल्ले. कपडे घेताना कोणी मीटरमागे एवढं कापड कमी दिलं तर आपण दुकानात उभं राहून भांडतो की नाही? शिवाय ४ इंच टोक हलक्या कोकोपीटात किती पकड धरणार? वर अडीच फुटांचा दांडा, त्यावर उजेडाकडे झुकलेली सात मोठी पानं, खाली ८ इंचाची प्लास्टिकची कुंडी. कुंडीत पाणी असेपर्यंत वजनावर तग धरला. मी चार दिवस पाणी घातलं नव्हतं, कुंडी हलकी झाली आणि पानांनी सगळं आपल्याकडे ओढलं. शाळेतली तरफ आठवा.

हा हिशेब, टेप लावलेले फोटो, सगळं विक्रेत्याला पाठवलं. उत्तर आलं, 'आमची टीम संपर्क करेल.' टीमने नऊ दिवसांनी संपर्क केला. 'मॅडम, ३ फूट हे अंदाजे असतं.' मी विचारलं, मग ४२५ रुपयेही अंदाजे दिले तर चालतील का? त्यावर त्यांनी विचारलं की कुंडीत तुम्ही कोणतं मिश्रण वापरलंत. कोकोपीट म्हणताच त्यांना सूर सापडला. चूक ग्राहकाची, विषय बंद. गंमत म्हणजे कोकोपीट त्याच दुकानाचं, त्याच ऑर्डरमधलं. शेवटी ७५ रुपयांचं कूपन दिलं, ९९९ च्या वरच्या खरेदीवर, ३० दिवसांत वापरायचं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते सुंभ विकणाऱ्यांनाही लागू आहे. कूपन मी वापरलं नाही. तत्त्वाचा प्रश्न होता, आणि ९९९ चाही.

इथपर्यंतचं मी एप्रिलमध्येच लिहून ठेवलं होतं आणि काठीला एक तारा देऊन मोकळी होणार होते. मे महिन्यात गुहागरजवळ मामाकडे गेले आणि मत थोडं हललं, म्हणून पुढचं.

मामाची पोफळीची बाग आहे, पोफळींवर मिरवेल चढवलेत. मी त्याला मोबाइलवर मॉन्स्टेराचा पडायच्या आधीचा फोटो दाखवला, सहानुभूती मिळेल म्हणून. त्याने चष्मा वर सरकवून बघितलं आणि हसायलाच लागला. 'अगो, हा वेल तू पोटाकडून बांधलायस!'

वेलाला पाठ-पोट असतं, हे मला माहीत नव्हतं. ज्या बाजूने पानांचे देठ बाहेर पडून उजेडाकडे तोंड करतात ते पोट, त्याच्या उलट बाजूला पेरापेराशी मुळं फुटतात ती पाठ. टेकू पाठीला द्यायचा. मी काठी पुढून, पानांच्या बाजूला रोवली होती, कारण तिथे ती पानांआड दिसत नव्हती आणि फोटो छान यायचा. मुळं बिचारी मागे हवेत चाचपडत होती. वीत-वीत लांब खाकी मुळं लोंबायची आणि मी त्यातली दोन कात्रीने छाटली होती. हेही मामाला सांगून बसले. त्यावर तो हसला नाही.

मग त्याने बागेत नेऊन मिरवेल दाखवला. पोफळीला वेल कोवळा असताना पेराजवळ केळीच्या सोपटाने बांधतात, अगदी बुंध्याला टेकेल असा. दोन पेरांच्या मधे बांधून उपयोग नाही, कारण मूळ फुटतं पेराला. आणि दोरा आवळायचा नाही. सोपट पुढे कुजून जातं, तोवर वेलाने स्वतःच धरलेलं असतं. मी झिप-टाय लावले होते. मामाच्या मते ते चोर पकडल्यावर लावायचे.

अजून एक गोष्ट तिथे उमगली. पोफळीचा बुंधा पावसात ओला होतो आणि कोकणातल्या हवेत ओलसरच राहतो. माझा सुंभ पुण्यात, मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत, पंख्याखाली. वरून पाणी ओतलं की अर्धं बाहेरून ओघळून बशीत जायचं, उरलेलं दुपारपर्यंत उडून जायचं. कोरड्या दोरखंडात मूळ शिरेल कशाला? साडेसहा महिन्यांत एकही मूळ त्या काठीत गेलं नव्हतं. म्हणजे तो टेकू नव्हताच, मी एका काठीला एक झाड झिप-टायने लटकवून ठेवलं होतं. यात विक्रेत्याचा दोष अर्धाच. एकाचे दोन तारे केले. ३४ इंचाचा राग मात्र कायम आहे.

मामाने निघताना आईनाच्या झाडाची मनगटाएवढी, चार फुटांची वाळकी फांदी दिली. आईनाची साल मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली असते, मुळांना धरायला बरी. एसटीत ती मांडीवर घेऊन आले. कंडक्टरने दोनदा बघितलं, लगेज मात्र लावलं नाही.

पुढची डागडुजी थोडक्यात सांगते. फांदीचं खालचं फूटभर टोक बाथरूमच्या कामातून उरलेल्या पाइपात घातलं आणि फटीत सिमेंट भरलं, म्हणजे मातीत कुजणार नाही, वाळवीही लागणार नाही. कुंभारवाड्यातून १२ इंची मातीची कुंडी आणली, २२० रुपये. जड आहे, तेच हवं होतं. पाइप थेट कुंडीच्या तळाला टेकवला आणि भोवती विटांचे तुकडे ठासले. वर साधी माती, गांडूळखत आणि जुनं कोकोपीट, तिन्ही साधारण सारखी. वेलाची पाठ फांदीकडे, पेरापेराशी जुन्या सुती ओढणीच्या पट्ट्या, सैल. खालची दोन लांब मुळं न छाटता सरळ मातीत वळवली. सगळा खर्च ३०० च्या आत, त्यातले २० रुपये रिक्षावाल्याला सुटे नव्हते म्हणून गेले.

पुनर्लागवडीत एक धडा मिळाला. मोडलेल्या देठाचा चीक हाताला लागला आणि मनगटापर्यंत खाज सुटली. मॉन्स्टेरा आपल्या अळूच्याच कुळातला, खाज आणणारे तेच सुईसारखे स्फटिक याच्यातही. आई म्हणाली, अळूच्या फदफद्याला चिंच घालतात ती उगीच नाही, आणि चिंचेचा कोळ घेऊन आली. मी साबणाने धुतलं. घरात रांगतं मूल किंवा पानं चावणारं मांजर असेल तर कुंडी पोचेल अशी ठेवू नका. पिकलेलं फळ म्हणे खाता येतं, शास्त्रीय नावातलं 'डेलिसिओसा' (म्हणजे चविष्ट) त्यावरूनच, पण फळ धरून पिकायला वर्ष उलटतं आणि घरातल्या झाडाला फुलं क्वचितच येतात. त्या आशेवर घेऊ नका.

बाकीचं पटकन. पाणी बोटाची दोन पेरं माती कोरडी लागली की, मग भरपूर, आणि बशीतलं ओतून टाकायचं. पावसाळ्यात मी वाराप्रमाणे घालत राहिले, तेव्हा चिलटं झाली आणि खालचं एक पान पिवळं पडलं. आमच्याकडे उन्हाळ्यात टँकरचं पाणी येतं, त्याने पानांवर पांढरे डाग पडतात, ओल्या फडक्याने पुसावे लागतात. पुसताना देठाच्या बेचक्यात पिठ्या ढेकूण दिसला, कापसासारखा. कापूस स्पिरिटमध्ये बुडवून टिपला, आठवड्याने परत टिपला, गेला. सकाळी पानाच्या टोकाला पाण्याचे थेंब लोंबतात तो रोग नाही, जास्तीचं पाणी पान तसंच बाहेर टाकतं. मी त्यावरही एकदा कडुनिंबाचं तेल फवारलं होतं. घरभर वास, थेंब तसेच.

जाता जाता वाचलेलं एक. १९७५ साली स्ट्राँग आणि रे या दोन संशोधकांनी दाखवलं होतं की मॉन्स्टेराच्या एका जातीची बियांतून रुजलेली रोपं उजेडाकडे न जाता अंधाराकडे सरकतात, कारण जंगलात अंधारा भाग म्हणजे जवळच्या झाडाचा जाड बुंधा. जमिनीवरून चालत बुंधा गाठायचा, मग त्याच्या आधाराने उजेडाकडे वर. जंगलातला वेल आपला टेकू स्वतः शोधतो. माझ्या वेलाला मी जे दिलं ते ३४ इंचाचं होतं.

आता ऑगस्ट. जूनपासून तीन पानं आली. शेवटच्याला दोन्ही बाजूंना मिळून नऊ चिरा आणि शिरेजवळ चार भोकं आहेत. तीन पेरांची मुळं आईनाच्या सालीला धरून आहेत, वरच्या पट्ट्या मी सोडून बघितल्या, वेल हलला नाही. सालीवर रोज सकाळी स्प्रेने पाणी मारते, ते काम नवऱ्याला देऊन बघितलं, त्याने पानांवर मारलं. झाडाला पाच तारे. ३४९ मध्ये एवढं मोठं आणि एवढं सहन करणारं दुसरं काही घरात नाही.

कोकोपोल फेकला नाही, ४२५ रुपये आहेत शेवटी. आई त्याने छताची जळमटं काढते. सुंभाला जळमट असं चिकटतं की बाजारातल्या कुंच्यालाही जमणार नाही, या कामासाठी मी त्याला पाच तारे द्यायला तयार आहे. फक्त स्टुलावर उभं राहूनही देव्हाऱ्यावरचा कोपरा तिला बरोबर दोन इंचांनी राहतो.