बोर्डो पेस्ट: तयार डबा घ्यावा की मोरचूद-चुना स्वतः कालवावा?

निकाल आधीच सांगतो. संत्रा-मोसंबीच्या बुंध्याला लावण्यासाठी मोरचूद (कॉपर सल्फेट, म्हणजे तांब्याचा क्षार) आणि कळीचा चुना आणून त्याच दिवशी घरी केलेली बोर्डो पेस्ट आजही सगळ्यांत सरस आहे. बाजारातली तांब्याची तयार पावडर दुसऱ्या क्रमांकावर, आणि तीही मुख्यतः फवारणीसाठी. तयार पेस्टचा डबा घ्यायचाच असेल तर लेबलवर नोंदणी क्रमांक, तयार केल्याची तारीख आणि धातुरूप तांब्याचं प्रमाण या तिन्ही गोष्टी छापलेल्या असतील तरच घ्यावा. नुसतं 'निळी पेस्ट' एवढंच लिहिलेल्या डब्यात तांबं किती आणि रंग किती, हे घेणाऱ्याला कळायला मार्ग नाही.

वरुड, मोर्शी, काटोल, नरखेडच्या पट्ट्यात ही पेस्ट लावतात ती डिंक्यासाठी, म्हणजे बुंध्याची साल कुजून डिंक गळण्याच्या रोगासाठी. डिंक्या होतो फायटोफ्थोरा या सूक्ष्म जीवामुळे. दिसायला हे बुरशीसारखं असलं तरी खऱ्या बुरशीच्या कुळातलं नाही. त्याचे बीजाणू ओल्या मातीतल्या पाण्यात पोहतात आणि पावसाच्या थेंबांबरोबर उडून बुंध्याच्या सालीवर चढतात. म्हणूनच डिंक्या दिसला की कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक ओतणाऱ्याचे पैसे वाया जातात. त्या औषधाचा फायटोफ्थोरावर परिणाम होत नाही. तांब्याचा होतो, पण बीजाणू रुजण्याआधी तांबं सालीवर असायला हवं. सालीच्या आत शिरलेल्या रोगापर्यंत ते पोचत नाही. पेस्टची पारख करताना ही मर्यादा आधी लक्षात घ्यावी, कारण 'पेस्ट लावूनही डिंक थांबला नाही' या तक्रारींतल्या बऱ्याच इथूनच निघतात.

डिंक गळतो म्हणजे डिंक्याच, असंही नाही. लिंबूवर्गीय झाडांच्या रोगांवर आयुष्य घालवलेले अमेरिकन रोगशास्त्रज्ञ हॉवर्ड फॉसेट यांचं काम इथे उपयोगी पडतं. आधी फ्लोरिडात आणि मग कॅलिफोर्नियात रिव्हरसाइडच्या संशोधन केंद्रात त्यांनी हेच रोग तपासले. लिंबाची फळं कुजवणारा जीव (फायटोफ्थोराचाच एक प्रकार) १९०६ मध्ये ओळखला गेला होता. तोच बुंध्यावर डिंक आणतो, हे फॉसेट यांनी १९१३ च्या सुमारास दाखवलं. साल खपल्यांनी सुटून डिंक येणारा सोरोसिस हा रोग निराळा आणि तो विषाणूचा असावा, हेही त्यांनीच १९३३ मध्ये पानांवरच्या खुणांवरून मांडलं. सोरोसिस कलमाच्या डोळ्यातून, म्हणजे खुंटावर बांधलेल्या कळीतून, येतो. त्यावर कुठलीही पेस्ट काम करत नाही, निरोगी मातृवृक्षाचा डोळा हाच उपाय. तिसरं कारण साल खाणारी अळी. फांदीच्या बेचक्यात विष्ठा आणि रेशमी जाळ्याचे धागे दिसले तर बंदोबस्त अळीचा करावा. डबा उघडण्याआधी चाकूने साल थोडी खरवडून पाहावी. डिंक्या असेल तर साल आतून तपकिरी, ओलसर आणि कुजलेली असते, आणि डाग बहुधा जमिनीजवळून वर चढलेला दिसतो.

आता माल. मोरचूद घेताना खडे गडद निळे आणि स्वच्छ हवेत. हिरवट झाक म्हणजे त्यात हिराकस मिसळल्याची शंका घ्यावी. पांढुरकी भुकटी सुटलेली असेल तर खड्यांतलं पाणी उडालेलं असतं. तसा माल बाद नाही, पण वजनाचा हिशेब चुकतो. शुद्ध मोरचुदात सुमारे २५ टक्के तांबं असतं.

फसवणूक जास्त होते ती चुन्यात. कळीचा चुना हवेत उघडा पडला की ओल आणि कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू खडूसारखा निर्जीव होतो, आणि असा चुना मोरचुदाची आम्लता मारत नाही. पारख सोपी आहे. खड्यावर थोडं पाणी शिंपडलं की तो तडतडला पाहिजे, तापला पाहिजे आणि फुटून भुकटी झाला पाहिजे. गार राहिला तर दुकानदाराला परत द्यावा. पुडीतला रंगकामाचा चुना आणला तर वाळू आणि खर फार निघते, नोझल तुंबतात.

रसायनशास्त्राच्या हिशेबाने १ किलो मोरचुदाला सुमारे २२५ ग्रॅम ताजा, शुद्ध कळीचा चुना पुरतो. तरी शिफारस १ किलोची, कारण बाजारातला चुना इतका चोख नसतो. शिवाय जास्तीचा चुना बुंध्यावर पांढरा थर धरतो, तो उन्हापासून सालीला वाचवतो आणि तांबं हळूहळू सोडतो. या मिश्रणाचे जनक पिएर-मारी-अलेक्सी मिलार्दे यांनी १८८५ मध्ये दिलेलं पहिलं प्रमाण तर ८ किलो मोरचुदाला १५ किलो चुना असं होतं. नंतरच्या प्रयोगांत ते खूपच खाली आणलं गेलं.

मिलार्दे बोर्दो विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते, आणि अमेरिकन द्राक्षांच्या खुंटांवर आणि संकरांवर त्यांचं काम आधीच चाललेलं होतं. १८८२ च्या शरदात मेदोक भागातल्या सँ-ज्युलियँ इथे त्यांना रस्त्याकडेच्या वेली केवडा (डाउनी) या रोगातून वाचलेल्या दिसल्या, आतल्या वेली मात्र पानगळ होऊन उघड्या पडलेल्या. वाटसरूंनी द्राक्षं तोडू नयेत म्हणून कडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडलेला होता. मिलार्दे यांनी रसायनशास्त्रज्ञ युलिस गायों यांना सोबत घेतलं, शेतावर चाचण्या केल्या आणि प्रमाण प्रसिद्ध केलं. पुढे हेच मिश्रण इतर फळझाडांकडे गेलं. म्हैसूर संस्थानात लेस्ली कोलमन यांनी १९१० मध्ये सुपारीच्या कोळेरोगाचं (फळं कुजून गळण्याच्या रोगाचं) कारण फायटोफ्थोरा असल्याचं मांडलं आणि पावसाआधी बोर्डो फवारायचा मार्ग दाखवला. सिंधुदुर्ग आणि गोव्यातल्या सुपारीच्या बागांत आजही तो फवारतात.

पेस्टची कृती अशी. १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना, एकूण १० लिटर पाणी. मोरचूद ५ लिटर पाण्यात विरघळवायचा, तोही प्लास्टिकच्या किंवा मातीच्या भांड्यात. लोखंडी घमेलं किंवा पत्र्याची बादली अजिबात नको, कारण लोखंड द्रावणातलं तांबं ओढून घेतं आणि भांड्याला भोकं पडतात. खडे तळाशी टाकून ढवळत बसू नये. कापडात बांधून पाण्याच्या वरच्या थरात रात्रभर लोंबकळत ठेवावेत. जड द्रावण खाली उतरतं आणि ताजं पाणी खड्यांना मिळत राहतं. घाई असेल तर गरम पाणी वापरावं. चुना वेगळ्या भांड्यात थोडं थोडं पाणी शिंपडून विरवायचा, पूर्ण विरल्यावर ५ लिटर करायचा आणि कापडातून गाळायचा. चुन्याला लोखंडी घमेलं चालतं. विरताना चुना उसळतो, म्हणून डोळ्यांवर चष्मा आणि हातांत मोजे हवेतच. दोन्ही पूर्ण गार झाल्यावर मोरचुदाचं पाणी बारीक धारेनं चुन्यात ओतायचं आणि लाकडी काठीनं सतत ढवळायचं. चुना मोरचुदात ओतला तर कण जाड होतात. गरम असताना मिसळलं तरी तेच होतं.

फवारणीचं १ टक्का मिश्रण म्हणजे १०० लिटर पाण्यात दोन्ही १-१ किलो. १६ लिटरच्या पाठीवरच्या पंपाला १६० ग्रॅम मोरचूद आणि १६० ग्रॅम चुना. इथे एक चूक नेहमी होते. घट्ट पेस्ट करून ठेवतात आणि तीच पाण्यात पातळ करून फवारतात. तसं केलं की कणांचे गोळे होतात, ते खाली बसतात, पानाला धरत नाहीत आणि नोझलही तुंबवतात. चुन्याचं पाणी आधी पातळ करून घ्यावं, उदाहरणार्थ ९० लिटर, आणि त्यात १० लिटर मोरचुदाचं पाणी सोडावं.

मग चाचणी. चकचकीत घासलेलं लोखंडी पातं मिश्रणात मिनिटभर बुडवायचं. त्यावर तांबूस थर आला तर तांबं मोकळं आहे, पानं आणि कोवळी साल जळतील. आणखी चुना घालून पुन्हा पाहायचं. थर आला नाही तर मिश्रण वापरावं. तयार माल त्याच दिवशी संपवावा. रात्रभर ठेवला की कण वाढतात आणि चिकटून राहण्याची ताकद जाते. तयार डब्याबद्दलची आमची मुख्य हरकत हीच आहे. ताज्या मिश्रणाचा जेलीसारखा निळा साका सालीवर वाळला की पावसातही बराच टिकतो. वाळवून पुन्हा पाण्यात कालवलेली पावडर तितकी धरत नाही.

तरीही पावडरीला जागा आहे. कॉपर ऑक्सिक्लोराइड ५० टक्के ही कुठेही मिळणारी पावडर. तिला ना चुना विरवायचा, ना पात्याची चाचणी. मजूर कमी असताना, किंवा पावसाची उघडीप अर्ध्या दिवसाचीच असताना ती हाताशी असावी. तुलना करताना पुडीची किंमत पाहू नये, झाडावर पोचणारं तांबं पाहावं. १ टक्का बोर्डोच्या लिटरभर पाण्यात सुमारे २.५ ग्रॅम तांबं येतं. ऑक्सिक्लोराइड लिटरला ३ ग्रॅम घेतलं तर १.५ ग्रॅम. पेस्टमध्ये फरक फार मोठा आहे. घरच्या १० टक्के पेस्टमध्ये लिटरला २५ ग्रॅम तांबं, म्हणजे तेवढ्यासाठी ऑक्सिक्लोराइड लिटरला ५० ग्रॅम कालवावं लागेल, आणि त्यात चुन्याचा पांढरा थर मिळत नाही तो नाहीच. तयार पेस्टच्या डब्यावरच्या आकड्यालाही हाच हिशेब लावावा.

लावायची वेळ दोनदा: पावसाळ्याआधी मे अखेरीपर्यंत आणि पाऊस संपल्यावर ऑक्टोबरात. जमिनीपासून साधारण १ मीटर उंचीपर्यंत, ब्रशनं, बुंध्याच्या सगळ्या बाजूंनी. आळ्याकडची बाजू ओल जास्त धरते, तिथे हात चुकवू नये. डिंक्या आधीच लागला असेल तर कुजलेली साल धारदार चाकूने निरोगी सालीपर्यंत खरवडून काढायची, तुकडे आळ्यात न टाकता गोळा करून जाळायचे, जखम १ टक्का पोटॅशियम परमँगनेटच्या पाण्याने धुवायची आणि कोरडी झाल्यावर पेस्ट लावायची. गळत्या डिंकावर नुसता निळा हात फिरवण्यात काही अर्थ नाही, खाली रोग वाढत राहतो.

फवारणीत काही पथ्यं पाळावीच लागतात. कोवळ्या नवतीवर आणि फुलांवर बोर्डो नको. थंड, ढगाळ हवेत पानं लवकर वाळत नसतील तर त्या दिवशी थांबावं. फोसेटिल ॲल्युमिनियम या बुरशीनाशकाबरोबर कोणतंही तांब्याचं औषध मिसळू नये, त्याच्या आम्लतेने तांबं मोकळं होऊन पानं भाजतात. बहुतेक कीटकनाशकंही चुन्यात टिकत नाहीत. ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी दिलेल्या आळ्यात उरलेलं मिश्रण ओतू नये. तांबं जमिनीतून जात नाही, साठत राहतं. हेक्टरी १,००० लिटर १ टक्का बोर्डो म्हणजे २.५ किलो तांबं. युरोपीय संघात २०१९ पासून सात वर्षांत मिळून हेक्टरी २८ किलोची मर्यादा आहे. म्हणून दर पंधरवड्याला सवयीने बोर्डो मारणं आम्हाला मान्य नाही. बुंध्याची पेस्ट थोड्या मालात नेमक्या जागी काम करते, त्यामुळे तिची गोष्ट वेगळी.

घरची असो की डब्यातली, एका ठिकाणी पेस्ट हमखास हरते: कलमाचा डोळा मातीत गाडला गेलेला असेल तिथे. जंबेरीचा खुंट फायटोफ्थोराला लवकर बळी पडतो, रंगपूर लिंबाचा त्या मानाने तग धरतो, आणि वर बांधलेली संत्र्याची साल तर नाजूकच असते. डोळा जमिनीपासून २२ ते २५ सेंटिमीटर वर असलेलंच कलम घ्यावं आणि लावताना तेवढाच वर ठेवावा. जुन्या बागेत माती चढून डोळा झाकला असेल तर आधी माती ओढून बुंधा उघडा करावा आणि दुहेरी आळं करावं, म्हणजे पाणी बाहेरच्या कड्यात राहील आणि बुंधा कोरडा. काळ्या भारी जमिनीत पाणी निघायला चर काढावेत. मुळं कुजलेली असतील तर पेस्टची वाट न पाहता मेटॅलॅक्झिल अधिक मँकोझेब ७२ टक्के हे बुरशीनाशक लिटरला २.५ ग्रॅम घेऊन आळ्यात ओलवण करावी, आणि बुंधा सुकल्यावर मग ब्रश हातात घ्यावा.