मोतीबिंदूची मोफत शस्त्रक्रिया आणि चाळिसाव्या दिवशी परत आलेली गाडी

देवगड तालुक्यातील खाडीकाठच्या आमच्या गावात यंदाच्या कार्तिकात एका स्वयंसेवी संस्थेने नेत्रतपासणी शिबिर भरवले आणि त्यातूनच माझ्या आईच्या उजव्या डोळ्याची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली. कोकणात आज बहुतेक घरांत म्हातारी माणसेच मागे राहिली आहेत, आणि ‘मोफत शस्त्रक्रिया’ असा फलक लागला की त्यावर विश्वास ठेवावा की नाही, हे मुंबईतल्या मुलांना फोनवरूनच ठरवावे लागते. त्यांच्यासाठी हा अनुभव सविस्तर लिहीत आहे. पुढे दोन तक्रारीही येणार आहेत, म्हणून संस्थेचे नाव देत नाही.

तपासणी जिल्हा परिषदेच्या शाळेत झाली. आईला तिथे नेले ते गावच्या आशाताईंनी. ‘आशा’ ही योजना २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून आली. पण गावातल्याच बाईला शिकवून आरोग्याचे काम तिच्या हाती देता येते, हे त्याच्या कितीतरी आधी आरोळे दांपत्याने १९७० पासून जामखेडला आणि बंग दांपत्याने पुढे गडचिरोलीत करून दाखवले होते. स्वयंसेवी संस्थेने वाट पाडावी आणि सरकारने तिचा रस्ता करावा, हे आपल्या महाराष्ट्रात घडलेले आहे, आणि आमच्या शाळेच्या ओसरीवर त्याचीच प्रचिती येत होती.

शस्त्रक्रिया मात्र शाळेत झाली नाही, आणि मला सर्वांत आधी समाधान वाटले ते याचेच. गावात फक्त निवड होते. निवडलेल्यांना गाडीने संस्थेच्या रुग्णालयात नेतात, तिथे रक्तदाब व साखर पाहतात, डोळ्याचे माप घेऊन आत बसवायच्या लेन्सचा नंबर काढतात आणि मगच टेबलावर घेतात. २०१४ साली पंजाबातील घुमान येथे एका मोफत शिबिरानंतर कित्येकांची दृष्टी गेली होती. नामदेवांचे म्हणून आपल्याला जवळचे असलेले ते गाव पुढच्याच वर्षी साहित्य संमेलनामुळे आपल्या तोंडी आले, पण ती बातमी फार थोड्यांच्या लक्षात राहिली. कोणी समाजमंदिरात किंवा मंडपात शस्त्रक्रिया करतो म्हणाले, तर ती मोफत असली तरी नाही म्हणावे.

लेन्स बसवण्याचेही पैसे लागले नाहीत. यामागेही एका संस्थेचे मोठे काम आहे. मदुराईत डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी १९७६ साली अकरा खाटांवर सुरू केलेल्या अरविंद नेत्र रुग्णालयाने पैसे देऊ शकणाऱ्यांच्या शुल्कातून गरिबांच्या शस्त्रक्रिया चालवल्या, आणि १९९२ साली ऑरोलॅब हा स्वतःचा कारखाना काढून परदेशी लेन्सच्या किमतीच्या लहानशा हिश्श्यात इथे लेन्स तयार केली. लेन्स स्वस्त झाली, म्हणूनच ती खाडीकाठच्या वाडीपर्यंत पोहोचू शकली.

आता तक्रारी. शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी पट्टी काढल्यावर सगळ्या रुग्णांना देणगीदारांच्या फलकाखाली बाहेर उन्हात बसवले आणि पाहुणे येईपर्यंत जवळजवळ अर्धा तास छायाचित्रासाठी थांबवले. ज्या डोळ्यांना उजेड सोसत नाही म्हणून काळा चष्मा दिला, त्याच डोळ्यांना उन्हात ताटकळत ठेवणे मला अजिबात पटले नाही, आणि मी ते तिथेच सांगितले. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. तपासणीत आईची साखर वाढलेली निघाली. औषध देऊन ती आटोक्यात आणली, पण प्राथमिक आरोग्य केंद्राला कोणी कळवले नाही. आईच्या हाती फक्त इंग्रजीतली चिठ्ठी दिली, आणि आईला अक्षरओळख नाही. मधुमेहाने डोळ्याचा पडदाच खराब झाला, तर उत्तम लेन्ससुद्धा काय करणार? जी संस्था सरकारी केंद्राला धरून चालत नाही, ती एक डोळा वाचवते आणि माणूस वाटेतच सोडते.

याचे कारणही मला दिसते. राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमातून संस्थांना अनुदान मिळते ते दर शस्त्रक्रियेमागे, आणि देणगीदारही आकडाच विचारतो. खरे तर २०२१ च्या जागतिक आरोग्य सभेत देशांनी २०३० पर्यंतचे जे उद्दिष्ट मान्य केले, ते नुसत्या शस्त्रक्रियांच्या संख्येचे नाही. शस्त्रक्रियेनंतर ज्यांना नीट दिसू लागले, त्यांचेच प्रमाण त्यात धरले आहे. हा फरक फलकावर येत नाही, पण रुग्णाला त्याच्याशीच कर्तव्य असते.

आणि नेमके इथेच या संस्थेचे मनापासून कौतुक करावेसे वाटते. एक महिना दिवसातून अनेकदा थेंब घालायचे होते. आशाताई आठवड्यातून दोनदा येऊन बाटली उजेडात धरून पाहत आणि औषध खरोखर कमी होत आहे ना, याची खात्री करून घेत. चाळिसाव्या दिवशी संस्थेची गाडी आमच्या देवळापाशी परत आली. सभामंडपात दोरीने अंतर मोजून तक्ता टांगला. तीन फाट्यांचे चिन्ह कोणत्या बाजूला उघडे आहे, हे आई बोटांनी दाखवत होती. खालून दुसऱ्या ओळीपर्यंत ती चुकली नाही. जवळचा नंबर काढताना त्या तरुण तंत्रज्ञाने पुस्तक बाजूला ठेवले आणि तिच्या हातात सुई-दोरा दिला. तिसऱ्या भिंगाला आई म्हणाली, “दोरो गेलो!” गेली चार वर्षे ती कुळीथ परातीत पसरून केवळ बोटांनी चाचपत खडे वेचत असे. त्या तिसऱ्या भिंगाच्याच नंबरचा चष्मा तिला मिळाला.

गावातल्या एका काकींना मात्र अजून धूसर दिसते. त्यांना गाडीतूनच पुन्हा रुग्णालयात नेले आणि त्यांच्या पडद्याची तपासणी सुरू झाली. गाडी परत आली नसती, तर त्या यशस्वी शस्त्रक्रियांच्या यादीतच राहिल्या असत्या. म्हणून कोणत्याही संस्थेकडे नाव नोंदवण्यापूर्वी एवढे विचारावे, की महिन्या-दीड महिन्याने तुम्ही आमच्या गावात परत येणार का, आणि चष्मा देणार का.

शिबिराचा दिवस ऐन भातकापणीत होता, त्यामुळे खळ्यावरच्या बायका येऊ शकल्या नाहीत. पुढचे शिबिर शिमग्याच्या आधी घ्यावे, असे आम्ही लेखी कळवले आहे. आईने डाव्या डोळ्यासाठी माघातली तारीख घेतली आहे. या वेळी आधी आरोग्य केंद्रात साखर तपासून मराठीत लिहिलेला कागद सोबत न्यायचा, आणि छायाचित्र सावलीतच काढायचे, असे दोन्ही बाजूंनी कबूल झाले आहे.