गोल्फची ग्रिप घरी बदलायचीय? कुठलं सामान घ्यायचं, कुठलं सोडायचं

सात नंबर आयर्नच्या (आयर्न म्हणजे गोल्फची एक काठी, काठीला क्लब म्हणतात) ग्रिपवर, म्हणजे रबरी मुठीवर, अंगठा बसतो तिथे रबर चकाकायला लागलं की ती ग्रिप गेली असं समजायचं, आणि मुंबईत हे लवकर होतं, कारण एप्रिल-मेचा घाम, ग्लोव्हमधनं झिरपणारी ओल आणि वर बॅग तशीच गाडीच्या डिकीत तापत पडलेली. ग्रिप बनवणारे सांगतात की वर्षातून एकदा किंवा ४० राउंड झाले की बदला. चेंबूरला नाहीतर खारघरला दर रविवारी जाणाऱ्याचे तेवढे राउंड सहज होतात. बॅगेत नियमाने जास्तीत जास्त १४ क्लब, म्हणजे पटर (चेंडू भोकात ढकलायचा क्लब) सोडून १३ ग्रिप, आणि प्रत्येकीची मजुरी वेगळी मोजायची म्हटलं की घरीच करू असं वाटणारच, आणि करावंच. मी सहा वर्षं गॅलरीत बसून करतोय. फक्त सगळं भरलेलं तयार किट मागवू नका, त्यातल्या निम्म्या गोष्टी आपल्या फ्लॅटमध्ये उपयोगाच्या नसतात आणि ज्या दोन गोष्टींवर खरंच पैसे घालायला हवेत त्याच त्यात कमअस्सल असतात.

आधी एक गैरसमज. धोबीतलावच्या स्पोर्ट्सच्या दुकानांत बॅटची ग्रिप चढवायचा कोन मिळतो, लहानपणी आपण सगळ्यांनी तो वापरलाय, म्हणून बरेच जण विचारतात की गोल्फला तोच चालेल का. नाही चालत. बॅटची ग्रिप म्हणजे दोन्ही टोकांना उघडी नळी, कोनवर गुंडाळायची आणि खाली सोडायची. गोल्फची ग्रिप एका टोकाला बंद असते, टोपीला फक्त एक बारीक भोक, आतून निमुळती आणि शाफ्टपेक्षा, म्हणजे क्लबच्या दांडीपेक्षा, घट्ट, त्यामुळे ती ओली करून सरकवावी लागते नाहीतर हवेने फुगवून.

आता कटर. स्टेशनरीच्या दुकानातला सरकत्या पात्याचा कटर की आकड्यासारखं वाकलेलं हुक ब्लेड? सगळे शाफ्ट स्टीलचे असतील तर साधा कटरही चालून जाईल, पातं थोडं आडवं धरा आणि अंगापासून लांब ओढा. पण एक जरी क्लब ग्रॅफाइटचा असेल तर हुक ब्लेडच घ्या, यात मी अजिबात ऐकून घेणार नाही. माझे मामा चेंबूरच्या कोर्सवर कॅडी (खेळाडूची बॅग वाहणारे) होते, एका खेळाडूने जाताना त्यांना आपला जुना ड्रायव्हर, म्हणजे लांब फटक्याचा क्लब, दिला होता, तो ते जिवापाड जपायचे. त्याची ग्रिप मी साध्या कटरने कापली. ग्रिपखाली बोटभर लांब ओरखडा उठला, वरवर काहीच वाटत नव्हतं, मी शाफ्टवर चिकटवायची टेप लावून नवी ग्रिप चढवली. दोन आठवड्यांनी सरावाला मारताना शाफ्ट बरोबर तिथेच तडकला. मामा काही बोलले नाहीत, क्लबचं डोकं उचलून रुमालाने पुसलं आणि बॅगेत ठेवलं. ग्रॅफाइटची ताकद त्याच्या तंतूंमध्ये असते, टोकदार पातं ते तंतू तोडतं. हुक ब्लेडची धार आकड्याच्या आतल्या बाजूला असते, ते रबर खालून उचलून कापतं आणि टोक शाफ्टमध्ये रुतत नाही. जुनी टेप काढायलाही ग्रॅफाइटवर पत्र्याची पट्टी नको, प्लास्टिकची घ्या, आणि टेप कडक झाली असेल तर हेअर ड्रायरची हलकी ऊब द्या, हीट गन नको.

दुसरी पैसे घालायची गोष्ट म्हणजे व्हाइस (वस्तू पकडून ठेवायचा शिकंजा) आणि त्यात शाफ्ट धरायचा रबरी ठोकळा. इथे लोक उलटं करतात, व्हाइस भारीतली घेतात आणि रबराऐवजी जुनं फडकं गुंडाळतात, मग ग्रिप ढकलताना शाफ्ट गरकन फिरतो नाहीतर चिमटला जातो. स्टीलवर वळ उठतो, ग्रॅफाइट तर चिरडूच शकतं. नागदेवी स्ट्रीटवर टेबलाच्या कडेला स्क्रूने बसणारी छोटी व्हाइस मिळते, आपल्याला तेवढी पुरे, मोठी लोखंडी बाक-व्हाइस ठेवणार कुठे. किचनच्या ओट्याला ती लावू नका, ग्रॅनाइटची कड टवकते. मी जुन्या लाकडी स्टुलाला लावतो आणि स्टूल गॅलरीच्या कठड्याला टेकवतो. रबरी ठोकळा मात्र शाफ्ट बसायची खाच असलेलाच घ्या. व्हाइसशिवाय जमतं का? एखाद-दुसरी साधी रबरी ग्रिप जमते, क्लबचं डोकं दोन पायांत धरायचं. कॉर्डची (रबरात धागे असलेली) ग्रिप असेल तर विसरा, ती कमी ताणते आणि अर्ध्यात अडकली की रडवते.

खरा प्रश्न आहे सरकवायचं कशाने, आणि मुंबईच्या घरात हाच नीट विचार करायचा विषय आहे. चार रस्ते आहेत.

पहिला, मिनरल टर्पेंटाइन, रंगारी ऑइल पेंटमध्ये घालतात ते. सावकाश उडतं, त्यामुळे ग्रिप चढवून सरळ करायला पुरेसा वेळ मिळतो, आणि साधी दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप त्याने छान ओली होते. वास आहे आणि पेट घेतं, फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानाला वाफ ठिणगी पकडते तो) साधारण ४० डिग्रीच्या आसपास. दुसरा, लायटरमध्ये भरायचं फ्लुइड, ते भराभर उडतं म्हणून लवकर वाळतं, पण त्याच कारणाने नवशिक्याच्या हातात ग्रिप मध्येच थांबते, आणि त्याचा फ्लॅश पॉइंट खूपच खाली आहे, म्हणजे खोलीतल्या साध्या तापमानालाही त्याची वाफ ठिणगी पकडते. आपल्या घरात गॅस पेटलेला असतो, तिन्हीसांजेला देवापुढे दिवा-अगरबत्ती असते, म्हणून मी ते घरात आणतच नाही. पेट्रोल तर कुणी सुचवलं तरी नको. रंगाच्या दुकानातला थिनरही नको, तो शाफ्टचा रंग उतरवतो आणि रबर खराब करतो, आणि रॉकेल तेलकट राहतं, ग्रिप कधी धड चिकटतच नाही.

तिसरा रस्ता पाण्याने चालणारी टेप. घरात लहान बाळ असेल, कुणाला दमा असेल, किंवा गॅलरीच नसेल तर हाच. पण टेप खास त्यासाठीचीच लागते, साध्या टेपवर साबणाचं पाणी ओतून भागत नाही, ग्रिप पहिल्याच फटक्याला फिरते. आणि आपल्याकडची अडचण म्हणजे वाळणं. डिसेंबरात एक दिवस पुरला, जुलैत माझ्याकडे दोन दिवसांनीही टोपीजवळ ग्रिप हलत होती, कपडे वाळत नाहीत तिथे ती काय वाळणार. शिवाय पाणी स्टीलच्या शाफ्टमध्ये गेलं की आतून गंज.

चौथा रस्ता हवा. कॉम्प्रेसर, टोपीच्या भोकावर दाबायचं नोझल, टेपच्या जागी साधी मास्किंग टेप, आणि ग्रिप फुगून सरकते. वाळायची वाट नाही, वास नाही, आणि तीच ग्रिप अख्खी काढून दुसऱ्या शाफ्टवर चढवता येते, हा मोठाच फायदा, जाडी आवडते का बघायला दोनदा काढघाल करता येते. पण गाडीच्या टायरचा छोटा बारा व्होल्टचा पंप यासाठी घेऊ नका. तो प्रेशर दाखवतो पण हवेचा लोट देत नाही, टाकीवाला कॉम्प्रेसरच लागतो आणि तो सोसायटीत दुपारी लावला तर खालच्या मजल्यावरचे काका वर येतील. मी फक्त नोझल घेतलं आणि कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडे गेलो, त्याने कौतुकाने होज जोडून दिला आणि अर्ध्या तासात पाच आयर्न झाले. हवा थोडी थोडी सोडा, एकदम सोडली की ग्रिप फुग्यासारखी फुगून फाटते. कॉर्डच्या ग्रिपला हा मार्ग मी वापरत नाही.

माझं मत विचाराल तर पहिल्यांदा करणाऱ्याने गॅलरीत टर्पेंटाइन, बाळ किंवा दमा असेल तर पाण्याची टेप आणि तीसुद्धा पावसाळा सोडून, आणि हवा तेव्हाच जेव्हा चार मित्र मिळून कॉम्प्रेसर घेणार असतील किंवा पंक्चरवाला ओळखीचा असेल.

टेपचं पटकन सांगतो. दोन इंच रुंदीची घ्या, एकच पट्टी लांबीने लावता येते, पाऊण इंची गोल गोल गुंडाळायला वेळ जातो आणि ओळी उमटतात. शाफ्टच्या टोकापुढे अर्धा इंच टेप सोडून ती पिळून आत खोचा, म्हणजे टर्पेंटाइन शाफ्टमध्ये जात नाही. ग्रिप घेताना तिचा आकडा बघा, ५८ की ६०, तो शाफ्टच्या टोकाच्या मापाशी जुळायला हवा (०.५८० इंच, ०.६०० इंच). ६०च्या शाफ्टवर ५८ची ग्रिप चढवली की ती ताणून जाड होते. मुद्दाम जाड हवी असेल तर टेपचे जादा वेढे, प्रत्येक वेढ्याला साधारण १/६४ इंच. आणि किचनच्या काट्यावर जुनी-नवी ग्रिप तोलून बघा, चार-पाच ग्रॅमचा फरक पडला तरी क्लबचं डोकं हातात वेगळं लागतं.

चढवताना टोपीच्या भोकात टी (चेंडू ठेवायची खुंटी) खोचायची, ग्रिपमध्ये टर्पेंटाइन ओतून तोंड बोटाने बंद करून हलवायचं, तेच टेपवर ओतायचं, खाली जुना डबा, आणि ग्रिपचं तोंड चिमटून एका दमात ढकलायचं. मध्ये थांबायचं नाही. टोपी शाफ्टच्या टोकाला टेकल्याचा हाताला ठक् असा धक्का लागतो, तोवर ढकलत राहायचं, मग टी काढून लगेच ग्रिपवरची रेषा सरळ करायची. रात्रभर उभं ठेवा.

पटर मी सगळ्यात शेवटी करतो, वेगळ्या दिवशी. त्याची ग्रिप पुढून चपटी असते, केसभर तिरकी बसली तरी प्रत्येक पट (पटरने मारलेला फटका) एकाच बाजूला जातो आणि दोष आपण हाताला देत बसतो. म्हणून क्लब व्हाइसमधनं काढायचा, फरशीच्या सांध्यावर पटरचा चेहरा काटकोनात ठेवायचा, वरून एका डोळ्याने बघायचं, आणि टेप ओली आहे तोवरच ग्रिप फिरवून घ्यायची.