पार्क हॉल, ऑझवेस्ट्री: वेल्सच्या सर्वाधिक विजेत्या क्लबाचा सामना कसा बघावा

वेल्समधल्या रेक्सम फुटबॉल क्लबाच्या सामन्याचं तिकीट मिळालं नाही म्हणून हिरमुसून परत फिरू नका. त्याच रेल्वेमार्गावर दक्षिणेला साधारण वीस मिनिटांवर गोबोवेन नावाचं छोटं स्टेशन आहे. तिथून जवळच, ऑझवेस्ट्री गावाच्या पार्क हॉल मैदानावर 'द न्यू सेंट्स' हा क्लब खेळतो. सगळे त्याला टीएनएस म्हणतात. २०२५ पर्यंत या क्लबाने वेल्सची लीग १७ वेळा जिंकली आहे, इतकी दुसऱ्या कोणीच नाही. तरीही लीगच्या सामन्याला तिकीट मिळालं नाही असं सहसा होत नाही.

दोन्ही क्लबांचं भूगोलाशी उलटं नातं आहे. रेक्सम शहर वेल्समध्ये, पण क्लब इंग्लंडच्या लीगमध्ये खेळतो. टीएनएसचं मैदान इंग्लंडमध्ये, श्रॉपशर परगण्यात, पण क्लब वेल्सच्या 'कम्री प्रीमिअर'मध्ये. सीमा इथून काही किलोमीटरवर आहे. पहिल्यांदा जाणाऱ्याचा घोळ इथेच होतो. मैदान इंग्लंडमध्ये म्हणून तो इंग्लंडच्या सवयीने तीनच्या सामन्याचा हिशेब करतो, आणि वेल्सच्या लीगमध्ये शनिवारचा सामना बहुधा अडीचला सुरू होतो. टीव्हीसाठी निवडलेले सामने तर शुक्रवारी रात्री किंवा शनिवारी संध्याकाळीही सरकतात. तारीख आणि वेळ आदल्या दिवशी क्लबाच्या संकेतस्थळावर पुन्हा बघाच.

दुसरा घोळ स्टेशनचा. नकाशावर 'ऑझवेस्ट्री' शोधलं की तिथेही स्टेशन दिसतं. ते हौशी लोकांनी जपलेल्या जुन्या रेल्वेचं आहे. नेहमीची प्रवासी गाडी ऑझवेस्ट्रीला १९६६ सालीच बंद झाली. तिकीट गोबोवेनचंच काढा. मँचेस्टर किंवा लिव्हरपूलकडून येणाऱ्यांनी चेस्टरला गाडी बदलावी, बर्मिंगहॅम किंवा लंडनकडून येणाऱ्यांनी श्रूजबरीमार्गे यावं. गोबोवेनपासून मैदान अडीच-तीन किलोमीटर आहे. दिवसा आणि कोरड्या हवेत चालत जाणं सोपं. हिवाळ्यात चारनंतर अंधार पडतो, त्यामुळे परतीची टॅक्सी जातानाच ठरवून ठेवा. छोट्या स्टेशनाबाहेर टॅक्स्या रांगेत उभ्या असतील या भरवशावर राहू नका. आणि त्याच शनिवारी रेक्समचा घरचा सामना असेल तर या मार्गावरच्या गाड्या खच्चून भरतात, कारण रेक्सम जनरल स्टेशन त्यांच्या मैदानाला लागूनच आहे. अशा दिवशी श्रूजबरीच्या बाजूने यावं.

आता मैदान. क्षमता जेमतेम दोन हजारांची. लीगच्या नेहमीच्या सामन्याला काहीशे माणसं येतात. लागून असलेल्या इमारतीत बार आणि बोलिंगच्या लेन आहेत, म्हणजे सोबत फुटबॉलची आवड नसलेलं कोणी असेल तर त्याचीही सोय होते. खरी गंमत कठड्याशी उभं राहण्यात आहे. मोठ्या स्टेडियमात वरच्या मजल्यावरून खेळाडू मुंगीएवढे दिसतात. इथे बचावफळीला पुढे सरकायला सांगणारी गोलरक्षकाची हाक स्पष्ट ऐकू येते. बाजूचा बचावपटू चेंडू येण्याआधी मान वळवून दोनदा मागे बघतो, तेही दिसतं. शिकणाऱ्या मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी मध्यरेषेपेक्षा पेनल्टी क्षेत्राच्या रेषेत उभं राहावं. ऑफसाइडचा सापळा, म्हणजे बचावफळीने एकदम पुढे सरकून समोरच्या खेळाडूला ऑफसाइड पाडण्याचा डाव, तिथून कळतो.

हिरवळ कृत्रिम आहे, ज्याला थ्रीजी म्हणतात. प्लॅस्टिकची लांब पाती, त्यांच्या मुळाशी वजनासाठी वाळू आणि वर उशीसारखे रबराचे काळे दाणे. चेंडू उंचावरून आपटला की त्याच्याभोवती या दाण्यांचा काळा फवारा उडतो, तो कठड्यावरून नुसत्या डोळ्यांनी दिसतो. अशा मैदानावर चिखल नाही, खड्डा नाही, त्यामुळे जमिनीलगतचे छोटे झटपट पास बिनचूक जातात. टीएनएस याच खेळात तरबेज आहे. नैसर्गिक गवताची सवय असलेल्या पाहुण्या संघाचा पहिल्या पंधरा-वीस मिनिटांत चेंडूचा अंदाज चुकतो. कोरड्या मैदानावर चेंडू जास्त उसळतो आणि पायाखालून निसटतो, ओल्यावर तो सरसर घसरत पुढे जातो. घसरून टॅकल केलं तर कातडी सोलवटते, म्हणून खेळाडू उभ्यानेच अडवायला बघतात. टीव्हीवर हे सामने थोडे वेगळे का वाटतात त्याचं बरंचसं कारण हे आहे. भर पावसातही सामना सहसा रद्द होत नाही आणि आठवडाभर इथे मुलांचे संघ खेळू शकतात. छोट्या क्लबाला असं मैदान परवडतं ते याचमुळे.

मैदान बघताना क्लब कुठून आला हे माहीत हवं, नाहीतर अर्धी मजा जाते. १९५९ साली वेल्सच्या पोविस परगण्यातल्या लानसँतफ्राइड नावाच्या खेड्यात हा क्लब सुरू झाला. (त्या नावातला पहिला 'ल' आपल्यासारखा नाही. जीभ ल च्या जागी ठेवून नुसती हवा सोडायची.) हजारेक वस्तीच्या या गावाने १९९६ मध्ये वेल्श कप जिंकला, तोही बॅरी टाउनशी ३-३ बरोबरीनंतर पेनल्टींवर. मग ऑझवेस्ट्रीतली टोटल नेटवर्क सोल्यूशन्स ही संगणक कंपनी प्रायोजक झाली आणि क्लबाने कंपनीचंच नाव घेतलं. २००० मध्ये पहिलं लीग विजेतेपद आलं ते याच नावाने. २००३ मध्ये ऑझवेस्ट्री टाउन क्लब यात विलीन झाला. पुढे कंपनी बीटीने (ब्रिटिश टेलिकॉम) विकत घेतली, प्रायोजकाचं नाव गेलं आणि २००६ मध्ये 'द न्यू सेंट्स' हे नाव आलं. तीन आद्याक्षरं मात्र तीच राहिली.

२००५ मध्ये युरोपविजेता लिव्हरपूल चॅम्पियन्स लीगच्या पहिल्याच पात्रता फेरीत या क्लबासमोर आला. टीएनएस दोन्ही सामने ३-० ने हरला. अॅनफील्डवर तिन्ही गोल स्टीव्हन जेरार्डचे होते, आणि टीएनएसचा 'घरचा' सामना रेक्समच्या रेसकोर्स मैदानावर झाला. डिसेंबर २०१६ मध्ये क्रेग हॅरिसन प्रशिक्षक असताना टीएनएसने सलग २७ वा विजय मिळवला आणि योहान क्रायफच्या काळातल्या नेदरलँड्सच्या आयॅक्स क्लबाचा १९७१-७२ चा सलग २६ विजयांचा विक्रम मोडला. २०२४-२५ मध्ये तर कम्री प्रीमिअरचा हा पहिलाच क्लब युरोपीय स्पर्धेच्या मुख्य फेरीत, कॉन्फरन्स लीगमध्ये, पोहोचला. इटलीच्या फिओरेंतिनाविरुद्ध फ्लॉरेन्सला मध्यंतरापर्यंत ०-० होतं, शेवटी २-० ने हार. कझाकस्तानच्या अस्ताना क्लबाला मात्र २-० ने हरवलं. सहा सामन्यांतला तो एकच विजय.

लीगच्या सामन्यातली मुख्य उणीव याच उदयातून आली आहे. वेल्सचे बरेचसे क्लब अर्धवेळ खेळाडूंवर चालतात: दिवसा नोकरी, संध्याकाळी सराव. टीएनएस पूर्णवेळ व्यावसायिक आहे. विजेता झालं की उन्हाळ्यात युरोपीय पात्रता फेऱ्या, त्यांचं मानधन, त्यातून पूर्णवेळ पगार, आणि त्या जोरावर पुन्हा विजेतेपद. कॉन्फरन्स लीगच्या मुख्य फेरीत नुसतं पोहोचल्याबद्दल त्या हंगामात प्रत्येक क्लबाला ३१.७ लाख युरो आणि दर विजयाला ४ लाख युरो ठरलेले होते. काहीशे तिकिटं खपणाऱ्या लीगमध्ये ही रक्कम प्रचंड आहे. परिणाम असा की तळाच्या संघाविरुद्धचा सामना अर्ध्या तासात एकतर्फी होऊ शकतो. चुरस बघायची असेल तर असा सामना निवडू नका.

मग कोणता निवडावा? २०२५-२६ पर्यंत लीगमध्ये १२ संघ होते. २२ सामन्यांनंतर वरचे सहा आणि खालचे सहा वेगळे व्हायचे आणि आणखी १० सामने खेळायचे. वरच्या सहांमधल्या त्या लढती सर्वांत चांगल्या असायच्या. २०२६-२७ पासून संघ १६ करण्याचं ठरलं आहे, त्यामुळे वेळापत्रक बघून वरच्या फळीतला प्रतिस्पर्धी शोधा. 'कॉनाज-की नोमॅड्स' या क्लबाविरुद्धची लढत सहसा वाया जात नाही.

पण एकच सामना बघायचा असेल तर जुलैमधला युरोपीय पात्रता सामना बघा. २०२५ मध्ये उत्तर मॅसेडोनियाच्या श्केंदियाशी इथे ०-० बरोबरी झाली. परतीच्या लढतीत टीएनएस जादा वेळेत हरला, तरी चुरस शेवटपर्यंत होती. या सामन्यांचं तिकीट मात्र आधी काढावं लागतं. आणि संघ पुढच्या फेऱ्यांत गेला तर जागा नीट तपासा. मुख्य फेरीचे घरचे सामने पार्क हॉलवर होत नाहीत, युएफा या युरोपीय फुटबॉल संघटनेच्या अटींना हे मैदान लहान पडतं. २०२४ मध्ये ते श्रूजबरीला झाले होते. तसं असेल तर गोबोवेनला उतरू नका, थेट श्रूजबरीचंच तिकीट काढा.

भारतातून बघणाऱ्यांसाठी: लीगचे निवडक सामने वेल्श वाहिनी एस फोर सी आपल्या 'स्गोरिओ' कार्यक्रमात थेट दाखवते. समालोचन वेल्शमध्ये असतं, पण पडद्यावरचा स्कोअर आणि वेळ समजायला भाषेची अडचण येत नाही. अडीचचा सामना हिवाळ्यात आपल्याकडे रात्री आठला सुरू होतो. मार्चअखेरपासून ऑक्टोबरअखेरपर्यंत तिकडची घड्याळं एक तास पुढे असतात, तेव्हा संध्याकाळी सातला.

जाणाऱ्यांनी बरोबर काय न्यावं: पाणी न झिरपणारं जॅकेट, जाड मोजे आणि हातमोजे. सीमेवरच्या टेकड्यांकडून येणारा वारा कठड्याशी उभ्या माणसाला उत्तरार्धापर्यंत गारठवून टाकतो. सामना संपल्यावर बारमध्ये रेंगाळायचं असेल तर आधी गोबोवेनच्या पुढच्या गाडीची वेळ बघून ठेवा. एक गाडी चुकली तर पुढचीसाठी बराच वेळ त्या छोट्या फलाटावर काढावा लागतो.