घसरणारं कपलिंग: घरगुती कोरीवकाम मशीन उन्हाळाभर वापरल्यानंतर

नावाच्या पाट्या आणि देव्हाऱ्याच्या जाळ्या कोरायला घेतलेलं हे छोटं सीएनसी (संगणकाच्या हुकमावर चालणारं) मशीन सोलापूरचा अख्खा उन्हाळा काढून आता पावसाळ्यात आलंय. ३०१८ प्रकारचं आहे, म्हणजे कामाची जागा ३०० बाय १८० मिलिमीटर. कोरीवकामाची सफाई उत्तम. सागवानावर वेलांट्या आणि रफार असे नेमके उठतात की बघत राहावं. ज्यांना लहान आकाराचं काम घरच्या घरी करायचंय, त्यांनी हे जरूर घ्यावं असंच मी सांगेन. पण त्याची एक दुखरी नस आहे, आणि विकणारे तिच्याबद्दल अवाक्षर काढत नाहीत.

पाटीची पहिली ओळ जागेवर येते, दुसरी दोन मिलिमीटर सरकते. मशीन मात्र काम पूर्ण झाल्याचं दाखवून थांबतं. कारण मोटरला हुकूम देणारा कंट्रोलर फक्त किती स्टेप, म्हणजे फिरण्याची छोटी ठराविक पावलं, पाठवल्या ते मोजतो. मशीनचे भाग सरकवणारा लांब स्क्रू खरोखर फिरला का, हे त्याला कळवणारं मशीनमध्ये काहीच नसतं. रिक्षाचा क्लच घसरला की इंजिन फिरतं आणि गाडी जागची हलत नाही, तोच प्रकार. इथे घसरतं ते मोटर आणि स्क्रू यांना जोडणारं कपलिंग.

विक्रेत्याला व्हिडिओ पाठवला, तर उत्तर आलं, मोटर बदला. आमच्या शेजारचे काका साखर पेठेत मागांवर फिटर होते. ते म्हणाले, “पैसे घालवू नको. मोटर फिरायलीय आणि स्क्रू थांबतोय का, ते आधी डोळ्यानं बघ की.” त्यांनी घरातली नेलपॉलिश मागितली आणि मोटरचा शाफ्ट, कपलिंग, स्क्रू अशी तिन्हींवरून एक सलग रेघ ओढली. सागवानावर थोडा वेळ काम चालवून मशीन थांबवलं. मोटर आणि कपलिंगवरची रेघ जुळलेली होती, स्क्रूवरची मात्र बाजूला गेली होती. मोटर ठणठणीत होती.

ही रेघ प्रत्येक अक्षावर (दोन आडवे, एक उभा) मारून ठेवाच. रेघ तुटली तर कपलिंग घसरतंय. रेघ शाबूत, तरी नक्षी सरकली आणि मोटरमधून घर्र आवाज आला, तर मोटरच्या स्टेप सुटताहेत. त्याची कारणं वेगळी: वेग जास्त, खोली जास्त, किंवा मोटरला वीज पुरवणारा ड्रायव्हर तापलेला. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या खोलीत दुपारी काम कराल तर ड्रायव्हरवर पंखा हवाच. ए४९८८ ड्रायव्हर फार तापला की स्वतःला वाचवायला बंद पडतो आणि तेवढ्यात स्टेप जातात. तिसरी गोष्ट स्क्रूवर सरकणाऱ्या नटमधली ढील. तिने वर्तुळं किंचित चपटी येतात, पण चूक ओळीगणिक वाढत जात नाही.

स्क्रूच्या बाजूलाच का घसरतं, ते कपलिंग उघडल्यावर लगेच दिसतं. मोटरचा शाफ्ट ५ मिलिमीटरचा, स्क्रू ८ मिलिमीटरचा आणि त्याला शेवटपर्यंत आटे. कपलिंगचा इवलासा, डोकं नसलेला ग्रब स्क्रू त्या आट्यांच्या टोकांवर टेकतो. थरथर सुरू झाली की टोकं दबतात आणि पकड सुटते. नुसतं आवळून भागत नाही. ॲल्युमिनियममधले आटे मात्र जातात. मी कपलिंग काढून स्क्रूचं टोक थिनरने पुसलं, ग्रब स्क्रू टेकतो तिथे बारीक कानशीने सपाट जागा केली, आणि आटे सुटू नयेत म्हणून वापरतात ते निळं थ्रेडलॉकर लावून रात्रभर सुकू दिलं. उभ्या अक्षाला सरळ चिमट्यासारखं आवळणारं, क्लॅम्प प्रकारचं कपलिंग बसवलं, कारण तिथे कोरणारं बिट फिरवणाऱ्या स्पिंडलचं वजन उचलायचं असतं. बसवताना मोटरचे चार स्क्रू ढिले ठेवा, नट मोटरजवळ आणा आणि मग ते आवळा. म्हणजे दोन्ही शाफ्ट एका रेषेत येतात आणि कपलिंगवर आडवा ताण पडत नाही.

उभ्या अक्षात एक चकवा आहे. कपलिंग वर उचलताना घसरलं तर स्पिंडल हवं त्यापेक्षा खाली राहतं आणि नक्षी हळूहळू खोल जाते. पण भुसा वर फेकणारं अपकट बिट त्याला धरून ठेवणाऱ्या कोलेटमधून खाली सरकलं तरी नेमकं हेच होतं! म्हणून कोलेटच्या तोंडाशी बिटवरही मार्करची खूण करा. खूण खाली आली तर कपलिंगला हात लावू नका. कोलेट काढा, आतला भुसा झाडा, बिट पुसून पुन्हा आवळा. सागवानाचं तेल कोलेटमध्ये साचतं, त्यामुळे ही सफाई आता मी दर मोठ्या कामाआधी करतो.

आणखी एक. लांबी कमी भरली की बरेच जण सेटिंगमधला स्टेप प्रति मिलिमीटरचा आकडा बदलतात. या मशीनमध्ये तो ८०० आहे: मोटरच्या एका फेऱ्याला २०० स्टेप, ड्रायव्हर त्यांचे १६ भाग करतो, आणि स्क्रू एका फेऱ्यात ४ मिलिमीटर सरकतो. चूक दरवेळी त्याच प्रमाणात येत असेल तरच आकडा तपासा. कधी एक, कधी तीन मिलिमीटर फरक पडत असेल तर ती घसरण आहे, आणि ती कुठल्याच आकड्याने सुटत नाही.

सागवानावर ३.१७५ मिलिमीटरच्या बिटने मी एका फेरीत अर्धा मिलिमीटर खोली आणि मिनिटाला ५०० मिलिमीटर वेग ठेवतो. वेळ लागतो, पण कपलिंगवर झटके येत नाहीत. स्क्रूला ग्रीसऐवजी शिलाई मशीनचं पातळ तेल देतो. आमच्या भागात मागांवरचा सुताचा बारीक कचरा हवेतून येऊन ग्रीसला चिकटतो आणि नट जड चालतो.

दुरुस्तीनंतर उभ्या अक्षावरची रेघ हललेली नाही. आडव्या दोन अक्षांवर अजून मूळचीच कपलिंगं आहेत, सपाट केलेल्या जागेवर ती धरून आहेत. तरी क्लॅम्पची जोडी आणून ठेवलीय. मागवताना एका बाजूला ५ आणि दुसऱ्या बाजूला ८ मिलिमीटरचं छिद्र आहे ना, ते बघून घ्या. दोन्हीकडे सारख्या छिद्राचीही मिळतात, ती इथे बसत नाहीत.