अंगभर उडणारे स्नायू आणि ईएमजीची खोली : एका तपासणी-सेवेचा अनुभव

पुण्यातील एका खासगी रुग्णालयाच्या न्यूरॉलॉजी विभागात मी गेल्या वर्षी नसांची व स्नायूंची विद्युत तपासणी, म्हणजे एनसीव्ही आणि ईएमजी, करून घेतली. रुग्णालयाचे नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे काही तक्रारीही आहेत आणि त्या बहुधा इतर ठिकाणीही लागू पडतील. ज्यांचे स्नायू महिनोन्महिने विनाकारण उडत आहेत आणि ही तपासणी करून घ्यावी की नाही अशा विचारात जे आहेत, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे.

त्रास सुरू झाला तो डाव्या पोटरीपासून. डोळा लवतो तशी पोटरी लवू लागली. पंधरवड्यात उजवी मांडी, दंड, अंगठ्याच्या मुळाजवळचा उंचवटा, बरगड्यांखालची जागा असे करत सगळे अंगच आळीपाळीने उडू लागले. वेदना नाही, अशक्तपणा नाही; चालताना काही जाणवत नाही, पण अंथरुणावर पडले की कातडीखाली कोणीतरी टिचकी मारल्यासारखे सुरू होते. उजवा डोळा लवला तर काय आणि डावा लवला तर काय हे सांगणारे घरोघरी असतात. पोटरी लवली तर काय, हे मात्र कोणालाच सांगता येत नाही. मग माणूस मोबाइलवर शोधतो, आणि तिसऱ्या ओळीतच त्याला मोटर न्यूरॉन डिसीज, म्हणजे स्नायूंना हलवणाऱ्या चेतापेशी मरत जाण्याचा गंभीर आजार, हे नाव दिसते. त्यानंतरचे सहा महिने माझी झोप पोटरीने नव्हे, त्या नावाने घालवली.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी प्रथम रक्ताच्या तपासण्या केल्या : थायरॉईड, कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम-पोटॅशियम, सीपीके (स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढणारा घटक), बी-१२ आणि ड जीवनसत्त्व. बी-१२ कमी निघाले, जे शाकाहारी घरांत नवलाचे नाही. इंजेक्शने घेतल्यावर थकवा कमी झाला, उडणे मात्र तसेच राहिले. मधल्या काळात मी मॅग्नेशियमच्या गोळ्याही स्वतःच्या मनाने घेतल्या. शरीरातील एकूण मॅग्नेशियमपैकी जेमतेम एक टक्का रक्तात असते, म्हणून रक्ताचा अहवाल नॉर्मल आला तरी कमतरता असू शकते, असे या गोळ्या विकणारे सांगतात. विधान खरे आहे, आणि खरे असल्यामुळेच त्याचा विक्रीसाठी उत्तम उपयोग होतो. दोन महिन्यांत मला मिळालेला एकमेव निश्चित परिणाम पोटावर झाला, आणि त्याचे वर्णन येथे करण्याची गरज नाही.

न्यूरॉलॉजी विभागाची वेळ तीन आठवड्यांनी मिळाली आणि त्या दिवशीही दीड तास बसावे लागले. परंतु आत गेल्यावर डॉक्टरांनी जी तपासणी केली तिला पैकीच्या पैकी गुण द्यावे लागतील. त्यांनी आधी सगळे ऐकून घेतले, मध्ये एकदाही घड्याळाकडे पाहिले नाही. मग मला टाचांवर चालवले, चवड्यांवर चालवले, हात न टेकता खुर्चीतून उठायला लावले, बोटे पसरून धरायला सांगून त्यांवर जोर देऊन पाहिला, गुडघे-कोपर-घोट्यांवर हातोडी मारली, तळपायावरून किल्लीचे टोक ओढले, आणि जीभ तोंडातच सैल ठेवायला सांगून बॅटरीच्या उजेडात बराच वेळ निरखली. बाहेर काढलेली जीभ कोणाचीही थरथरते, हे त्यांनी जाता जाता सांगितले. मी रोज रात्री आरशासमोर बाहेर काढलेली जीभच पाहत होतो!

त्यांचे म्हणणे असे की नुसते उडणे हे लक्षण फारसे काही सांगत नाही. ताकद कमी होणे, स्नायू बारीक होणे आणि प्रतिक्षिप्त क्रिया बदलणे यांच्या सोबतीने ते आले तर त्याला अर्थ येतो. माझ्यात यांपैकी काहीच नव्हते. त्यामुळे ईएमजी अत्यावश्यक नाही, पण केल्यास मन शांत होईल असे वाटत असेल तर करू, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. निर्णय माझा होता, आणि मी तो भीतीपोटी घेतला.

तपासणी दोन भागांची असते. पहिल्या भागात, म्हणजे एनसीव्हीमध्ये, कातडीवर पट्ट्या चिकटवून नसेला विजेचे छोटे झटके देतात आणि संदेश किती वेगाने जातो ते मोजतात. हे झटके सोसण्याजोगे असतात, मात्र कोपराजवळचे दोन-तीन दचकवतात. येथे पहिली तक्रार नोंदवतो. खोलीतील एसी इतका तीव्र होता की माझे पाय गार पडले होते, आणि गार हातापायांत नसांचा वेग खोटाच कमी दिसतो. तंत्रज्ञ मुलीच्या हे लक्षात आले, हे तिचे श्रेय. तिने “काका, पाय फारच गार आहेत” असे म्हणून गरम पाण्याच्या पिशव्या आणल्या आणि वीस मिनिटे थांबवले. पण रोज रुग्ण येणाऱ्या खोलीत हा प्रसंग मुळात यावाच का?

दुसरा भाग सुईचा. एक बारीक सुई स्नायूत घालतात. तिच्यातून वीज सोडत नाहीत, ती फक्त आतली हालचाल टिपते आणि यंत्राच्या स्पीकरमधून ती ऐकू येते. हा भाग डॉक्टरांनी स्वतः केला. दोन्ही पोटऱ्या, नडगीलगतचा स्नायू, मांडी, दंड, अंगठा व तर्जनी यांमधला स्नायू आणि पाठीच्या कण्यालगतची एक जागा, एवढे सगळे व्हायला पाऊण तास लागला. पोटरीतील सुई दुखते. तळहाताच्या बाजूची त्याहून अधिक. स्नायू सैल सोडला की यंत्रात पूर्ण शांतता हवी, आणि ती होती. मग अचानक एक ‘टप्’ झाले, थोड्या वेळाने आणखी एक, जणू कढईत एखाद-दुसरी लाही फुटावी. “हेच तुमचे उडणे,” डॉक्टर म्हणाले. एका चेतातंतूच्या ताब्यातील स्नायुतंतूंचा सगळा गट आज्ञेविना एकदम आकसतो, त्याचा तो आवाज.

मला ज्याची भीती होती तो आवाज वेगळा असतो. चेतापेशी मरू लागल्या की त्यांच्या ताब्यातले स्नायुतंतू पोरके होतात आणि एकेकटे, ठरावीक लयीत विद्युत संदेश सोडू लागतात. स्पीकरमधून ते पत्र्याच्या छपरावर पडणाऱ्या पावसाच्या थेंबांसारखे ऐकू येते. शेजारच्या शाबूत नसा या पोरक्या तंतूंना हळूहळू आपल्या पंखाखाली घेतात, आणि मग स्नायू आवळल्यावर पडद्यावरच्या लाटा अवाजवी मोठ्या दिसतात. माझ्या स्नायूंत पाऊस नव्हता आणि लाटाही बेताच्या होत्या. हे सारे त्यांनी सुई आत असतानाच समजावले, त्यामुळे दुखण्याकडे लक्षच राहिले नाही. साडेपाच हजार रुपयांत मला मिळालेली सर्वांत मोलाची वस्तू ही होती.

म्हणूनच पुढचा प्रकार अधिक खटकला. अहवाल चार दिवसांनी स्वागतकक्षातून बंद पाकिटात मिळाला, सोबत कोणीही नाही. पाकीट उघडले तर इंग्रजीत लिहिलेले, की उजव्या पोटरीत फॅसिक्युलेशन (म्हणजे तेच उडणे) दिसली, चेताभंगाचा, म्हणजे स्नायूचा नसेशी संबंध तुटल्याचा, पुरावा नाही, ‘क्लिनिकल कोरिलेशन’ करावे, म्हणजे रुग्णाच्या लक्षणांशी ताडून पाहावे. घाबरलेल्या माणसाला पहिलाच शब्द दिसतो आणि दुसरे वाक्य त्याच्या डोक्यात शिरत नाही. खोलीत ऐकलेले सगळे विसरून मी पार्किंगमध्येच पुन्हा मोबाइल उघडला. डॉक्टरांची भेट आणखी आठ दिवसांनी होती. अहवालाची भेट आणि अहवालाचा कागद यांची तारीख एकच ठेवणे एवढे अवघड नसावे.

त्या भेटीत निदान मिळाले : बिनाइन फॅसिक्युलेशन सिंड्रोम, म्हणजे स्नायूंचे निरुपद्रवी उडणे. कारण विचारल्यावर डॉक्टरांनी कारण ठाऊक नसल्याचे सरळ मान्य केले. जागरण, चहा-कॉफी, अतिश्रम आणि काळजी यांनी ते वाढते, एवढेच सांगितले. निरुपद्रवी उडण्याचे वर्णन वैद्यकीय साहित्यात 1948 पासून आहे, आणि अमेरिकेतील मेयो क्लिनिकने 1993 मध्ये अशा 121 रुग्णांचा पाठपुरावा प्रसिद्ध केला, ज्यांपैकी काहींवर तीस वर्षांहून अधिक काळ लक्ष ठेवले होते. त्यांतील एकालाही मोटर न्यूरॉन डिसीज झाला नाही. या आजाराची अशी धास्ती घेणाऱ्यांत डॉक्टरमंडळीही बरीच असतात, असेही ते हसत म्हणाले. औषधे आहेत, गॅबापेन्टिनसारखी, पण ती झोप आणतात आणि पेटके येत नसतील तर त्यांची घाई नको, हा त्यांचा सल्ला मी मानला.

या तपासणीने उडणे थांबत नाही, हे आधीच ठाऊक असावे. हे लिहितानाही डावी पापणी लवते आहे. दुपारनंतरचा चहा बंद केल्यावर रात्रीचे उडणे थोडे कमी झाले, परीक्षेच्या दिवसांत मुलीचा अभ्यास घेताना पुन्हा वाढले. आणि ज्यांनी अजून हातापायांची ताकद कोणा जाणत्याकडून तपासून घेतलेली नाही, त्यांनी थेट ईएमजीची वेळ घेऊ नये. आधीची पंधरा मिनिटांची तपासणीच खरी, सुई तिच्यानंतरची.

जाणाऱ्यांनी अंगाला तेल किंवा क्रीम लावू नये, कारण पट्ट्या नीट चिकटत नाहीत. सैल कपडे घालावेत, आणि रक्त पातळ करणारे औषध चालू असेल किंवा पेसमेकर असेल तर तसे आधीच सांगावे. सीपीकेची रक्ततपासणी राहिली असेल तर ती सुईच्या आधी उरकावी, कारण सुयांमुळेही तो आकडा थोडा वाढू शकतो. आणि माझ्याप्रमाणे एकटे जाऊ नये. डॉक्टर जे बोलतात ते लक्षात ठेवायला दुसरे डोके सोबत असलेले बरे.

वर्षभराने मी फेरतपासणीला गेलो तेव्हा ईएमजी पुन्हा करू या का, असे मीच विचारले. डॉक्टरांनी टाचांवर चालवले, हातोडी मारली, बोटांचा जोर पाहिला आणि गरज नाही म्हणाले. स्वागतकक्षात फक्त भेटीची फी घेतली. पुढची तारीख विचारली, तर फाइलवर ती लिहिलेलीच नव्हती.