एमएस, एसएस की ॲल्युमिनियम: बँडसॉला कोणतं ब्लेड लावायचं?

बँडसॉ म्हणजे पट्टीसारखं ब्लेड गोल फिरवून धातू कापणारं मशीन. दुकानात त्याचं ब्लेड घेताना बहुतेक जण "एमएस (माइल्ड स्टील) कापायचंय" एवढंच सांगतात. त्या माहितीवर ब्लेड नीट निवडता येत नाही. ब्लेड कशाचं असावं आणि किती वेगाने चालवावं हे धातूवरून ठरतं, पण दात किती बारीक हवेत हे जॉबच्या, म्हणजे कापायच्या मालाच्या, आकारावरून ठरतं. १०० मिमीचा एमएस राउंड (भरीव गोल बार) आणि ३ मिमी जाडीचा एमएस पाइप यांना एकच ब्लेड लावलं, तर दोन्हीपैकी एक काम बिघडणारच.

कार्बन, बायमेटल, कार्बाइड

कार्बन स्टीलचं ब्लेड सगळ्यात स्वस्त. पण साधारण २०० अंश सेल्सिअसच्या पुढे त्याचे दात नरम पडायला लागतात. ॲल्युमिनियमचे पातळ सेक्शन, प्लास्टिक, कधीमधी लागणारा एमएस एवढ्यापुरतं ते ठीक आहे. रोज लोखंड कापणाऱ्याने त्याच्या वाटेला जाऊ नये.

बायमेटलची पाठ लवचीक स्टीलची असते आणि दातांच्या टोकांना हाय स्पीड स्टील जोडलेलं असतं. एम ४२ ग्रेडमध्ये सुमारे ८ टक्के कोबाल्ट असतो. दातांची कठिणता ६७ ते ६९ एचआरसीच्या (रॉकवेल या कठिणतेच्या मापाच्या) आसपास जाते आणि ५०० अंशांवरही धार टिकते. ठाणे-नवी मुंबईतल्या वागळे इस्टेट, रबाळे किंवा महापे इथल्या जॉबवर्कच्या गाळ्यांत एमएस, ईएन ८ आणि ईएन २४ (एमएसपेक्षा मजबूत स्टील), एसएस ३०४ (स्टेनलेस स्टील) असा मिश्र माल येतो, त्याला हेच ब्लेड घ्यावं.

कार्बाइडचं ब्लेड इन्कोनेल (निकेलचा मिश्रधातू), टायटॅनियम, ४५ एचआरसीच्या वरचं हार्डन केलेलं स्टील यांसाठी असतं. ते घ्यायच्या आधी मशीन बघा. कार्बाइडचे दात ठिसूळ असतात, थरथर त्यांना सोसत नाही. दोन खांबांचं, हायड्रॉलिक फीडचं (फीड म्हणजे ब्लेड धातूत उतरण्याचा जोर), घट्ट गाइडचं (गाइड म्हणजे ब्लेड सरळ धरणारे आधार) मशीन असेल तरच ते परवडतं. बिजागरीवर खाली येणाऱ्या लहान मशीनवर ते लावलं की दात उडतात.

किमतीची तुलना करताना ब्लेडचा भाव बाजूला ठेवा आणि कापाचा खर्च काढा. १०० मिमी राउंडच्या एका कापाचं क्षेत्रफळ ७८.५ चौरस सेंमी येतं. ब्लेड निकामी होईपर्यंत झालेले काप गुणिले ७८.५, आणि या आकड्याने ब्लेडच्या किमतीला भागा. कार्बन आणि बायमेटलमधला खरा फरक इथे कळतो.

दात किती?

एका वेळी कमीत कमी ३ दात धातूत असले पाहिजेत. ६ ते १२ असले तर उत्तम, २४ च्या वर नकोत. हिशेब सोपा आहे: कापाची रुंदी मिमीमध्ये घ्या, २५.४ ने भागा, टीपीआयने (एका इंचातल्या दातांच्या संख्येने) गुणा. ४/६ म्हणजे ४ ते ६ यांच्यात बदलती पिच (दातांमधलं अंतर), तिथे सरासरी ५ धरा. अशी बदलती पिच थरथर आणि आवाज दोन्ही कमी करते. ५० मिमी भरीव बारमध्ये ४/६ चे सुमारे १० दात बसतात, काम चोख होतं. १०० मिमीला तेच ब्लेड २० दात घालतं. कापतं, पण दातांमधल्या खाचेत चिप (कापताना निघणारा धातूचा कीस) मावत नाही आणि काप रेंगाळतो. तिथे ३/४ लावा. २०० मिमीच्या पुढे २/३, आणि २० ते ४० मिमीच्या बारना ६/१०.

पाइपला बाहेरचा व्यास धरून दात निवडणं ही सगळ्यात महाग पडणारी चूक. ३ मिमी भिंतीत ४/६ चा धड एक दातही मावत नाही. भिंत दोन दातांच्या मध्ये अडकते आणि दात मुळापासून निघतो. इथे १०/१४ घ्या, दोन्ही भिंती मिळून जवळपास ३ दात बसतात. अँगल उलट्या व्हीसारखा, कोपरा वर करून वाइसमध्ये (जॉब पकडणाऱ्या शिकंजात) धरा, म्हणजे दातांवरचा भार एकसारखा राहतो.

धातू बदलला की काय बदलतं?

एमएसला मिनिटाला ६० ते ८० मीटर वेग चालतो, ईएन २४ ला ४० ते ५०, एसएस ३०४ ला २५ ते ३५, एचसीएचसीआर (हाय कार्बन, हाय क्रोमियम) डाय स्टीलला २० ते ३०. चाकाचा व्यास मीटरमध्ये घेऊन ३.१४ ने आणि आरपीएमने गुणलं की आपल्या मशीनचा वेग कळतो.

एसएसकडे जास्त लक्ष हवं. वेग कमी केला म्हणून फीडही हलकी केली, तर दात नुसते घासतात. घासलेला ३०४ पृष्ठभागावर कडक होतो आणि पुढच्या दाताला त्या कडक थराशी झगडावं लागतं. म्हणून वेग कमी पण फीड दमदार, आणि कूलंट (काप थंड ठेवणारं तेल-पाणी) भरपूर, ८ ते १० टक्के तेलाचं.

ॲल्युमिनियम दाताला चिकटतं. मोठ्या खाचांचं जाड दातांचं ब्लेड घ्या आणि मशीनचा सगळ्यात जास्त वेग वापरा. कास्ट आयर्न कोरडंच कापा, कारण त्याच्या भुकटीत कूलंट मिसळलं की चिखल होऊन गाइड भरतात. पितळेला धारदार दात लागतात. स्टीलवर झिजलेलं ब्लेड पितळेवर घसरतं, म्हणून पितळेचं काम असेल तर नवं ब्लेड आधी त्यावर वापरा आणि मग स्टीलवर.

पावसाळ्यात कळंबोलीच्या लोखंड बाजारातून उघड्यावर पडलेला माल आला, तर गंजाचे पापुद्रे वायर ब्रशने काढूनच बार वाइसमध्ये घाला. गंज आणि स्केल दातांची धार फार लवकर खातात.

नवं ब्लेड लवकर का जातं?

बहुतेक वेळा पहिल्या अर्ध्या तासात त्याला पूर्ण फीड दिलेली असते. सुरुवातीला वेग नेहमीचा आणि फीड निम्मी ठेवा. २० ते ३० मिनिटांच्या कापण्यात दातांची टोकं बसतात, मग हळूहळू फीड वाढवा. दुसरं कारण म्हणजे जुन्या ब्लेडचा अर्धा राहिलेला काप. नव्या दातांचा सेट (दातांचा दोन्ही बाजूंना दिलेला वाक) जास्त रुंद असतो, जुन्या अरुंद चिरेत ते अडकतात आणि दात तुटतात. जॉब फिरवून दुसऱ्या बाजूने नवा काप सुरू करा.

चिप बघत राहा. सैल वळलेली, चांदीच्या रंगाची चिप म्हणजे सगळं बरोबर. पिठासारखी भुकटी पडत असेल तर फीड कमी आहे. स्टीलची चिप निळी किंवा जळकी दिसली तर वेग किंवा फीड कमी करा आणि कूलंट तपासा. काप तिरका जात असेल तर ब्लेडला दोष देण्याआधी गाइडचं अंतर आणि ताण बघा. गाइड आर्म जॉबच्या जितका जवळ आणता येईल तितका आणा. चिप ब्रश झिजला असेल तर तो आधी बदला, कारण खाचेत राहिलेली चिप परत कापात जाते.

ऑर्डर देताना लांबी, रुंदी, जाडी, टीपीआय आणि ग्रेड सगळं सांगा, उदाहरणार्थ लांबीच्या पुढे २७ × ०.९ मिमी, ४/६, एम ४२. लांबी माहीत नसेल तर तुटलेलं जुनं ब्लेड जमिनीवर सरळ पसरून मोजा. ब्लेड हातात आल्यावर वेल्डच्या जागी पाठीवरून बोट फिरवा. तिथे उंचवटा लागला तर ब्लेड परत द्या, कारण तो प्रत्येक फेऱ्यात गाइडला धक्का देईल आणि ब्लेड वेल्डपाशीच तुटेल.